यवतमाळ कसे लिहावे?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शिक्षक, बी. ए., बी. एड. आहेत.)



आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव आपण रोज कुठे ना कुठे लिहितो. मराठीत 'यवतमाळ' हे नाव 'य' पासून सुरू होते आणि 'ळ' वर संपते. उर्दू वर्तमानपत्र उघडाल तर तेच नाव अलिफपासून सुरू झालेले दिसेल आणि शेवटी चक्क 'महल' हा शब्द. इंग्रजांच्या अमदानीतील कागदांवर वाय, ई, ओ, टी असे काहीतरी वेगळेच. आमच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "सर, यांतले बरोबर कोणते?"

मी त्याला सांगितले की उर्दूतला 'महल' कोणी चुकून लिहिलेला नाही. 'आइने अकबरी'त 'योत लोहारा' असा परगणा आहे. लोहारा आजही यवतमाळला लागूनच आहे. जुन्या गॅझेटियरात म्हटले आहे की गावाचे मूळ नाव यवत, आणि पुढचा 'माळ' म्हणजे 'महाल', अर्थात परगणा. तेव्हा मराठी कानाने 'माळ' ऐकला, उर्दू लेखणीने 'महल' जपला. उर्दूजवळ 'ळ' नाही, मराठीजवळ 'ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोए' हे चार वेगळे 'ज़' नाहीत. प्रत्येक लिपी आपल्या पदरी आहे तेवढ्यातच संसार करते. मराठीतही 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' आपण वेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. उर्दू माध्यमाच्या मुलाने 'शाळा' ऐवजी 'शाला' लिहिले की आपण त्याला हसतो. हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे, एवढीच विनंती.

खिशातील एखादी नोट काढून पाहा. तिच्यावर सतरा भाषांत रक्कम लिहिलेली असते: पुढल्या बाजूस हिंदी आणि इंग्रजी, मागल्या बाजूस पट्टीत पंधरा. मी वर्गात मुलांना या सतरा भाषांच्या लिप्या मोजायला लावतो. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत यांची देवनागरी एकच. उर्दू आणि काश्मिरीची एकच. बंगाली आणि असमिया एकीत धरली तर रोमनसह लिप्या भरतात अकरा. मुले पैज लावून मोजतात. (नोट शिक्षकाची असते आणि ती परत घेण्याचे मी विसरत नाही.)

या अकरांचे नातेगोतेही मौजेचे आहे. देवनागरी, तेलुगू, तमिळ, बंगाली, गुरुमुखी, दिसायला कितीही निराळ्या असोत, सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मीच्या त्या नातवंडे-पणतवंडे होत. आणि उर्दूची अलिफ-बे व इंग्रजीची ए-बी-सी, एक उजवीकडून चालणारी, एक डावीकडून, या चुलत बहिणी आहेत. दोघींचे मूळ फिनिशियन व्यापाऱ्यांच्या अक्षरांत. ग्रीकांनी तीच अक्षरे घेऊन 'अल्फा, बीटा' म्हटले; 'अलिफ, बे' म्हणून पाहा, कानाला ओळख पटेल. गंमत अशी की उर्दूत वाक्य उजवीकडून चालते, पण मधे १९४७ आले की तो आकडा डावीकडूनच लिहायचा. हे आकडे भारतातून अरबांकडे गेले; अरब त्यांना 'अरकाम हिंदिया' म्हणतात, आणि युरोप त्यांनाच अरबी आकडे म्हणतो. दोघेही घेतलेल्याचे नाव सांगतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर बंजारा बोली चालते. ती महाराष्ट्रात देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. केळापूर-मारेगावकडील कोलामांच्या कोलामीचेही तसेच. म्हणजे मामा-भाचे बोलू शकतात, पण एकमेकांचे पत्र वाचू शकत नाहीत. गोंडीसाठी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली स्वतंत्र लिपी तयार केली. पुढे या शतकात पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या गुंजाला गावात, दुसऱ्याच एका गोंडी लिपीतील जुन्या पोथ्या उजेडात आल्या. ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके म्हातारे उरले होते. आणखी दहा-वीस वर्षे उशीर झाला असता तर त्या पोथ्या म्हणजे नुसती नक्षी राहिली असती.

लिपी राजाच्या हुकमाने जन्मते आणि मरतेही. कोरियाच्या राजा सेजोंगने पंधराव्या शतकात, चिनी चित्राक्षरे सामान्य प्रजेला झेपत नाहीत म्हणून, अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी बनवून १४४६ साली जाहीर केली. आज तिची चोवीस अक्षरे वापरात आहेत. तुर्कस्तानात याच्या उलट घडले. १९२८ साली कायदा झाला आणि अरबी अक्षरे जाऊन रोमन आली. शिकणे सोपे झाले हे खरे. पण त्यानंतर शाळेत गेलेल्या नातवाला आजोबांच्या हातचे पत्र वाचता येईना.

हे दूर तुर्कस्तानात घडले असे आपण म्हणाल. माझ्या घरी घडले ते सांगतो.

अब्बांच्या लोखंडी पेटीत एक पिवळा कागद होता, आजोबांनी घेतलेल्या शेताचे खरेदीखत. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी तंटा निघाला तेव्हा तो बाहेर काढला. अब्बांना उर्दू उत्तम येई, कामापुरती मराठीही. मी बी. ए. ला मराठी विषय घेतलेला. दोघांनाही पहिली ओळ लागेना. कागद मोडीत होता. कचेरीत नेला तर तिथेही कोणाला वाचता येईना, आणि "भाषांतर करून आणा" म्हणून परत पाठवले. कसले भाषांतर? कागद मराठीतच होता!

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सर्रास चालली. आधी पानभर रेघ ओढायची, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. लिहिणाऱ्याला सोयीची, वाचणाऱ्याची परीक्षा. आदिलशाहीत कित्येक फर्माने एकाच कागदावर फारसीत आणि मोडी मराठीत निघत. छापखाने आले आणि बाळबोध पुढे गेली. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली, तेव्हा दप्तरे मोडीत आणि उर्दूत निघाली आणि वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. पुराभिलेख विभागाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात. बी. ए. झालेल्या मुलांनी ते जरूर करावेत. उर्दू आधीच येत असेल तर अशा दप्तरांपुढे तुम्ही दुप्पट कामाचे.

पालकांपैकी काही जण मला विचारतात की मुलाला एवढ्या लिप्यांचे ओझे कशाला? मोबाइलवर तर तो उर्दूही आणि मराठीही इंग्रजी अक्षरांतच लिहितो, आणि भागते. निरोपापुरते भागते, हे मी कबूल करतो. माझ्या मुलीचेही भागते. पण तिच्या दादीने पाठ केलेल्या दुआंची आणि पाककृतींची वही उर्दूत आहे, आणि ती वही हातात घेऊन मुलगी मला म्हणाली, "अब्बा, हे वाचून दाखवा." मी वाचून दाखवले. मी नसेन तेव्हा?

त्या दिवसापासून रोज रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटे आम्ही ती वही घेऊन बसतो. खिचड्याचे पान तिने परवा एकटीने वाचले. मसाल्याचे प्रमाण चुकले, पण तो दोष वाचण्याचा नव्हता. 'अंदाजाने' असेच लिहिले होते.

खरेदीखत शेवटी एका निवृत्त पटवाऱ्यांनी वाचून दिले. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याला भिंग लावून अर्धा दिवस बसले, पैसे घेतले नाहीत. बांध कुठवर ते निघाले, तंटाही मिटला. मजकूर सगळा मोडीत, खाली आजोबांची सही उर्दूत. आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या शेतकऱ्याने, त्याला कोणतीच लिपी येत नसल्यामुळे, शाईने एक छोटासा नांगर काढलेला आहे.