संगणकाची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



संगणकाविषयी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आपल्या जालना जिल्ह्यात आता बँक, दवाखाना, तहसील कचेरी सर्वत्र संगणक आहे. तरी “संगणकात असेच आहे” एवढे कोणी म्हटले की आपल्यापैकी पुष्कळजणी मुकाट्याने परत फिरतात. म्हणून या यंत्राच्या अंगी काय आहे व काय नाही, ते पाहू.

संगणकाची दोन अंगे आहेत. हाताला लागते ते हार्डवेअर. त्याला दिलेल्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर.

समजा, सातबाऱ्यावर एखाद्या भगिनीचे नाव चढवावयाचे आहे. ते कीबोर्डवर एकेक अक्षर दाबून आत जाते. आत प्रोसेसर असतो. बेरीज-वजाबाकी, तुलना, निवड ही कामे त्याची. काम चालू असता लागणारी माहिती रॅम नावाच्या स्मृतीत राहते. ती आपल्या ओट्यासारखी. सारे हाताशी असते, परंतु वीज गेली की ओटा साफ! म्हणून टिकवावयाचे ते डिस्कवर, म्हणजे जणू फडताळात, ठेवावे लागते. शेवटी पडद्यावर वा छापयंत्रातून उतारा आपल्यापुढे येतो.

सॉफ्टवेअरही दोन तऱ्हेचे. विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली घरातील कर्त्या बाईप्रमाणे प्रत्येक भागाला काम नेमून देते. तिच्या आधाराने पत्रलेखन, हिशेब, नोंदी यांचे निरनिराळे प्रोग्रॅम चालतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक आपल्या देशातच बांधून चालू केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृतीत अवघ्या २,०४८ संख्या मावत. आज आपल्या हातातील मोबाईल हाही संगणकच, व त्याची स्मृती त्याच्या लाखो पट आहे. पण एक गोष्ट तेव्हाही होती नि आजही आहे : दिलेली माहिती खरी की खोटी, हे यंत्र आपण होऊन जाणत नाही. ‘कमल’च्या जागी ‘विमल’ दाबले गेले, तर ते विमलच जपून ठेवील. आणि जे नाव कोणी घातलेच नाही, ते त्याला कोठून सापडणार?

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ मधील दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तो नोंदीत उतरला आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहणे आपले काम. लेखनाची चूक असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

तेव्हा पुढील सभेस प्रत्येकीने आपला उतारा आणावा. आपण सर्वजणी मिळून तो वाचू. जिला वाचता येत नसेल, तिच्याशेजारी मी बसेन.