महामारी, मोबाइल आणि परावलंबन



२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि बँक, शाळा, बाजार हे सारे मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसले. परंतु ही सोय होती किती घरांत? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेट शहरांतील शेकडा ४२ घरांत आढळले, खेड्यांत मात्र सुमारे १५ घरांतच. पुढे मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वर्षांच्या माणसाला लस हवी तर आधी ‘कोविन’वर नाव नोंदणे भाग पडले, ती अट २४ मे रोजी सरकारी केंद्रांपुरती शिथिल झाली.

ज्याला यंत्र कळत नाही, त्याला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. चोर नेमका तोच हात पुढे करतो. पीएम केअर्स निधीच्या पत्त्यातले एखादे अक्षर गाळूनही बनावट पत्ते निघाले. २०१९ मध्ये देशात ४४,७३५ सायबर गुन्हे नोंदले गेले. २०२० मध्ये ५०,०३५.

‘माणसे लोभाने फसतात’ असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धसत्य आहे. पुष्कळजण परावलंबनाने फसतात; आणि परावलंबनावर उपदेश नव्हे, शिक्षण हाच उपाय आहे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. तो लागतो देताना. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे. एवढ्या दोन गोष्टी आपण प्रत्येकाने एका शेजाऱ्याला शिकविल्या, तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे मी मानीन.