मधमाशीचे दुखणे आणि आपले मौन



आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दारांशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. मधमाशीवर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की येथे वांगणीत घरामागे आम्ही सातेरी माशीच्या दोन पेट्या पाळल्या आणि दोन्ही घालवल्या. त्या कशा गेल्या, तेच आज सांगावयाचे आहे.

सातेरी ही आपली जुनी, काटक माशी. व्हरोआ नावाचा बारीक तांबूस किडा तिच्या अंगावर गोचिडासारखा राहतो. पण त्याची वाढ बहुतेक नर माश्यांच्या घरांतच होते, आणि कामकरी माश्या अंगावरचे किडे ओढून काढतात. युरोपातील माशी माणसाने आशियात आणली, तेव्हा हा किडा तिच्यावर चढला. तिला ही सवय फारशी नव्हती. पेट्यांच्या व्यापाराबरोबर मग तो बहुतेक साऱ्या जगात पोहोचला.

सातेरीचा काळ मात्र दुसराच. थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग १९७६ साली थायलंडात आढळला, पुढे दोन वर्षांत ईशान्य भारतात दिसला, आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत त्याने सातेरीच्या बहुसंख्य पेट्या ओस पाडल्या. रोगी अळीला कात टाकता येत नाही. कातडीखाली पाणी साचून तिची पिशवी होते. कामकरी माशी ती मेलेली अळी उचलून बाहेर टाकते, तेव्हा विषाणू तिलाच लागतो, आणि तीच पुढे इतर अळ्यांना भरवते. घर झाडणारीच्या हातूनच रोग पसरतो. त्यात तिचा काय दोष?

यावर हमखास औषध नाही. राणीला काही दिवस कोंडून अंडी थांबवावीत, रोगट पोळी नष्ट करावीत, पेटीतले सामान दुसऱ्या पेटीला लावू नये, आणि तगलेल्या वसाहतींपासूनच पुढची वाढ करावी.

आम्ही नेमके उलटे केले. एक पेटी अशक्त दिसली म्हणून दुसरीतील अळ्यांची चौकट तिला दिली. चौकटीत रोग होता. दोन्ही पेट्या रिकाम्या झाल्या. शेजाऱ्याच्याही दोन पेट्या होत्या. खोकला लपवून पाळीवर जाऊ नका, सोबत्यांना लागेल, असे कामगारांना वर्षानुवर्षे सांगणारे आम्ही. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा लाजेने गप्प बसलो. महिन्याभरात शेजाऱ्याच्या माश्याही उठून गेल्या.

पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वरला तर सातेरी पाळण्याची मोठी परंपरा आहे. जाणत्यांना जरूर विचारावे. पण माशी कुंपण मानत नाही, आणि तिचा रोगही मानत नाही. म्हणून पेटीत पिशवी झालेली अळी दिसली, तर पहिल्याने शेजाऱ्याचे दार वाजवा. आम्ही ते वाजवले नाही, याचे दुःख दोन पेट्यांच्या दुःखाहून मोठे आहे.