तारण कुणाचं, गहाण काय?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातला. माझा पणजा महारवाड्यात जन्मला. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यानं बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणालं, भाकरीसाठी बाटला. मी म्हणतो, ज्यांनी भाकर दिली नाही त्यांनी भाकरीचा हिशेब मागू नये.

तुम्ही मला विचारलंत, तुमच्यात ते तारण-तारण म्हणतात ते नेमकं काय? त्यानं जात जाते का? प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळच देतो.

तारण हा शब्द आपल्या लोकांना दोन ठिकाणी भेटतो. चर्चमध्ये आणि सावकाराच्या ओट्यावर. चर्चमध्ये तारण म्हणजे वाचवणं. सावकाराकडं तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेलं बायकोचं डोरलं. हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवा.

शुभवर्तमान सांगतं, माणूस पापात आहे, स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. येशू त्याच्यासाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. विश्वास ठेवील त्याचं तारण. हे तारण कृपेनं मिळतं, पुण्याईनं नाही. कमावता येत नाही, विकत मिळत नाही, बापाकडून वारशानं येत नाही. पौलाच्या पत्रांचा गाभाच हा.

आता हे पणज्याच्या कानानं ऐका. मागल्या जन्मीचं पाप म्हणून महार झालास, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. इथं मागला जन्मच नाही! शिवाय देवाचा हा पुत्र मेला कुठं? शहराच्या वेशीबाहेर, गुन्हेगारांच्या रांगेत. गावकुसाबाहेरच्या माणसाला तो ओळखीचा वाटला यात नवल काय? पणजा अडाणी होता, पण येडा नव्हता.

पण बाबासाहेबांनी इथंच बोट ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हिंदू असताना अस्पृश्याला सांगितलं, तुझं दुःख तुझ्या कर्मामुळं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, तुझ्या आदिपापामुळं. समाजव्यवस्था दोन्हीकडं सुटली. आणि बुद्धाला ते मार्गदाता म्हणत, मोक्षदाता नव्हे.

हा आरोप मी झटकणार नाही. तो खरा आहे. आमच्या प्रवचनांत आमच्या दारूचं पाप निघालं, पाटलाच्या वेठबिगारीचं पाप निघालं नाही. तारण म्हणजे मेल्यावरचं तिकीट झालं. गोव्यात बामण, चारडो, सुदीर बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेले नाहीत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत उभी राहिली. पुनरुत्थानाच्या दिवशी उठायचं तेही जातवार?

मात्र पुस्तक उघडलं की दुसरंच दिसतं. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय भेटतो. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमन सत्तेचा वसुलीवाला, गब्बर. येशू त्याच्या घरी जातो. जक्कय उठून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. आज! मेल्यावर नाही. लुटीचा हिशेब निघाला, त्या दिवशी. कृपा फुकट आहे. पण ती घरात शिरली की चोपडी उघडावीच लागते.

अमेरिकेतल्या काळ्या माणसानं हे ओळखलं. १९६९ साली जेम्स कोननं काळ्यांच्या मुक्तीचं ईश्वरशास्त्र मांडलं. १९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मळांनी आपल्याकडचा प्रश्न उभा केला, त्यातून दलित ईश्वरशास्त्र वाढलं. म्हणजे तारणाचा अर्थ बिशपांच्याच कुलपात राहिलेला नाही.

आता सावकाराचं तारण. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, धर्माची अट काढा. अट तिथंच. उद्या माझ्या वस्तीवर कुणी चालून आलं तर १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा माझ्या बाजूनं उभा राहत नाही. मारणारा मात्र बाप्तिस्म्याचा दाखला विचारत नाही.

मी जातीच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा कारकून हसून म्हणाला, "तुमचं तर तारण झालंय की हो, आता सवलत कशाला?" ओबीसीचा कागद हातात ठेवला. म्हातारी आजी सोबत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोरा, येशूनं फुकट दिलं. या लोकांनी त्याच्यापोटी आपलं नाव गहाण ठिवून घेतलं."

याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तारणानं जात आपोआप जात नाही. तारण माणसाला एवढंच कळवतं की तू जन्मानं हीन नाहीस, ही गोष्ट कुणाच्या मेहेरबानीवर नाही. हे एकदा कळलं आणि तरी तो खाली मान घालून बसला, तर त्याला काही कळलेलंच नाही. विश्वासणाऱ्यांना माझं सांगणं, दफनभूमीतली भिंत पाडा, मग स्वर्गाचं बोला. तुम्हाला सांगणं, बुद्धाच्या वाटेनं चाललात, आनंद आहे. पण दाखल्याच्या रांगेत आम्ही एकटे उभे आहोत. त्या रांगेत या.

पणज्याला मिळालेलं माझ्याजवळ आहे. गहाण पडलेलं सोडवायचं बाकी आहे.

जयभीम.