कागदावरचे कर्ज



१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी कुणबी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती खते आणि वह्या. हाती आलेल्या कागदांची त्यांनी होळी केली. जेथे कागद मुकाट्याने मिळाले, तेथे सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. तरीही इतिहासात ‘दंगा’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच!

राग कागदावर का? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराची थैली सैल झाली. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच १८६७ पासून इंदापूर, भीमथडीकडे शेतसारा वाढत गेला. सारा रोख आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. पाऊस येवो वा न येवो.

परंतु खरी मेख कायद्यात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य तीन वर्षांचे केले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. दरमहा शेकडा दोन रुपये धरले, तर १०० चे तीन वर्षांत १७२ होतात आणि असे तीनदा खत बदलले की नऊ वर्षांत सुमारे ५०९. मधल्या काळात कुणब्याच्या हाती एक पैही पडलेली नसते. पडतो तो अंगठा.

१८७९ च्या कायद्याने न्यायालयाला खतामागचा मूळ व्यवहार तपासण्यास सांगितले आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण खत बदलण्याची ती रीत गेली काय? मार्चअखेरीस सोसायटीच्या दारात जाऊन पाहावे. तेथे तिला ‘नवे-जुने’ म्हणतात. शेतकरी चार दिवसांसाठी खाजगी सावकाराकडून रक्कम उचलतो, सोसायटीचे जुने कर्ज फेडतो, नवे उचलतो आणि सावकाराचे व्याजासह चुकवतो. वहीत तो नियमित ठरतो. २०१७ साली दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली ती थकबाकीदारांसाठी. नियमिताच्या वाट्याला फार तर २५ हजार. त्या चार दिवसांचे व्याज मात्र कोणत्याच यादीत चढले नाही.