सलीम अलींचे घर

(पक्षी सप्ताहानिमित्त शाळेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉ. सलीम अलींवर चार शब्द बोलावेत, अशी हेडमास्तरांची आज्ञा झाली. मी इतिहास शिकवतो. पक्ष्यांतले मला कावळा, चिमणी आणि बगळा यांपलीकडे फारसे कळत नाही. तरीही मी होकार दिला, त्याला एक कारण घडले.

मागच्या सत्रात नववीतल्या एका मुलाची वही मी जप्त केली. पुढची पाने कोरी, आणि मागच्या पानांवर खाडीवरचे पक्षी काढलेले. चोच, पाय, शेपूट, शेजारी तारीख आणि भरती की ओहोटी याची नोंद. मी वर्गासमोर त्याला फैलावर घेतले व वही कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. वडील परदेशात नोकरीला, घरची सारी जबाबदारी तिच्यावर. ती म्हणाली, “सर, वही द्या. पण याला एवढं सांगा, पाखरांनी पोट भरत नाही.” मी मान डोलावली. नंतर मात्र ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याने पाखरांमागे आयुष्य घालवले, त्याचे पोट कसे भरले? त्याच्या घरच्यांनी काय केले? म्हणून मी वाचायला बसलो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंब, नऊ भावंडांत हे सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या अनाथ मुलांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले, हे आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मुद्दाम सांगतो.

मुलाच्या हातात छऱ्यांची बंदूक होती. एकदा त्याने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. असली चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. तो ती घेऊन मामांकडे गेला. मामा शिकारीचे शौकीन, पण त्यांनाही ती ओळखता येईना. आता पालकांनी जरा लक्ष द्यावे. मामांनी “जा, अभ्यास कर” असे म्हटले नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. पोरगा घरी आला तो निराळाच होऊन.

विद्यार्थ्यांनी मात्र यावरून गैरसमज करून घेऊ नये. सलीम अली शाळेत हुशार नव्हते, १९१३ साली मॅट्रिक कसेबसे झाले, कॉलेजात गणिताने त्यांना जेरीस आणले, हे सारे खरे. पण आळस हा गुण त्यांच्यात कुणालाच सापडला नाही. कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. तिथेही पाय जंगलाकडेच वळत. परत आल्यावर व्यापाराचे शिक्षण आणि सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असे दोन्ही त्यांनी एकदम केले.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगमशी त्यांचा निकाह झाला. या बाईंविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. त्या विलायतेत शिकलेल्या, सुखवस्तू घरच्या. १९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या म्युझियममध्ये व्याख्यात्याची नोकरी लागली. पुढे ते जर्मनीला जाऊन बर्लिनच्या स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले, आणि १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी जागाच बंद झालेली! पस्तिशीकडे झुकलेला गृहस्थ, उच्च शिक्षण घेतलेला, आणि बेकार. आपल्या कुणाच्या घरी असे झाले तर काय काय बोलणी ऐकावी लागतील, ते आपण जाणताच.

नवरा-बायको अलिबागेजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरण पक्ष्यांची घरटी होती. सलीम अली त्यांच्याकडे पाहत बसले. नुसते पाहत नव्हे, तासन्‌तास, नोंदी करत. त्यांना दिसले की घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन तपासते. पसंत पडले तर ती मुक्कामाला येते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. (बहिणाबाईंच्या कवितेत सारे श्रेय सुगरणीला मिळाले आहे, ही गोष्ट आमच्या मराठीच्या बाईंना सांगितली तेव्हा त्या जरा नाराज झाल्या.) बेकारीच्या दिवसांतल्या या कामाने त्यांचे नाव पक्षिशास्त्रात झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना कळवले की खर्च तेवढा द्या, पगार नको, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडाही तेव्हा त्यात होता. तेहमिना बेगम सोबत हिंडल्या. तंबू, डाकबंगले, मिळेल ते पाणी, मिळेल ते अन्न. नवऱ्याचे इंग्रजी लेखन सुधारण्यात त्यांचा मोठा वाटा होता, असे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. बिनपगारी नवऱ्याच्या संसारात ही बाई आनंदाने राहिली. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर ती गेली. त्यांना मूलबाळ नव्हते.

त्या वेळी सलीम अली बेचाळिशीचे होते. त्यांना सावरले ते बहीण कामू आणि मेव्हणे हसन अली यांनी. आपल्या घरात त्यांनी त्यांना कायमचे सामावून घेतले. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले. पुढे भाची लईक फतेहअली यांच्याबरोबर सामान्य वाचकांसाठी त्यांनी पुस्तक लिहिले. रिप्ली यांच्यासमवेत केलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर आला. ज्याच्या घरी स्वतःचे लेकरू नव्हते, त्याच्याभोवती भाचरांचा गोतावळा कायम राहिला. मला तरी हा माणूस पुरा घरातला वाटतो, रानात राहून.

मुलांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. त्यांना मोटारसायकलचे भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनला पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती. त्रेपन्न वर्षांचे सलीम अली आपली सनबीम बोटीवर चढवून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावरून परिषदेला हजर झाले!

पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सारे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचता, ते मी सांगत बसत नाही. १९७६ मध्ये मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या मोठ्या रकमेचा बहुतांश भाग त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला देऊन टाकला, एवढेच सांगतो. १९८७ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले.

त्या अम्मीच्या वाक्याला माझ्याजवळ अजून पुरते उत्तर नाही. पोट भरायचेच आहे. सगळ्यांना तय्यबजी घराणे मिळत नाही, हेही मला कळते. पण चिठ्ठी लिहून देणारा मामा होणे मास्तरला अशक्य नव्हते, आणि मी तर वही कपाटात टाकली.

ती वही मी आज सोबत आणली आहे. तो मुलगा मागच्या रांगेत बसला आहे, त्याने ती कार्यक्रम संपल्यावर घेऊन जावी. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला खाडीच्या बांधावर जमायचे ठरले आहे. पक्षी तो दाखवील, आम्ही ऐकू. पालकांनीही यावे. चहा शाळेतर्फे.