उत्तर येईपर्यंतचा काळ



'कुमारवयातील परदेशगमन आणि स्वावलंबन' असा आजचा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्रिकेत छापला आहे. सतरा-अठरा वर्षांचे मूल एकदा समुद्रापलीकडे एकटे गेले, की ते आपोआप स्वतःच्या पायांवर उभे राहते, असे एक गृहीत या विषयाच्या पोटात दडलेले आहे. त्या गृहीताची आज जरा कसून झडती घ्यावी असा माझा विचार आहे.

हा प्रश्न आता आपल्याला परका राहिलेला नाही. अमरावतीचे राजापेठ घ्या की अकोल्याची जठारपेठ, बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला, की गल्लीतील एखादे तरी घर रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान या मुलखांचे नकाशे पाहू लागते, आणि येथील खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काशी तेथल्या खर्चाची तुलना करता करता घरातील वडील माणसे केव्हा संमती देऊन बसतात हे त्यांनाही कळत नाही. मग एके संध्याकाळी अकोल्याच्या फलाटावर चुलते, आत्या, मामा असा गोतावळा जमतो. जवसाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेवया, आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलेला प्रेशर कुकर असा सरंजाम गाडीत चढतो. आणि गाडी हलली, की 'पोरगं आता मोठं झालं' असे कोणीतरी म्हणतेच. परंतु तेच पोरगे पुढच्या आठवड्यात जॉर्जियातील तिबिलिसीच्या एका खोलीत तोच कुकर चुलीवर ठेवून, दूरध्वनी डाळीच्या डब्याला टेकवून, अकोल्याच्या स्वयंपाकघरातील आईला विचारते, "आई, शिट्ट्या किती?" आणि आई सांगते, "तीन होऊ दे, मंग बंद कर." दोन्ही शहरांच्या घड्याळांत अवघ्या दीड तासाचा फरक असल्यामुळे ही विचारपूस कोणत्याही घटकेला होऊ शकते. मुलगा काही हजार किलोमीटर गेला खरा, पण त्याच्या डाळीची मुखत्यारी अद्याप जठारपेठेतच आहे.

आईला विचारण्यात काही गैर आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की स्वावलंबनाचे माप किलोमीटरांत घेण्याची आपली सवय चुकीची आहे. प्रश्न पडणे आणि त्याचे उत्तर घरून येणे यांमध्ये जो काळ जातो, तो किती लांब होता आणि त्या काळात मुलाने काय केले, हे पाहावे. पूर्वी हा काळ टपालखाते ठरवीत असे. आणि आपल्या भाषेत या गोष्टीचा जो सर्वांत ठळक दाखला आहे, त्यात तर टपालखाते घरातच नांदत होते.

१८६५ च्या मार्चमध्ये कल्याणास जन्मलेल्या यमुनेचे, म्हणजे पुढे आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मुलीचे, लग्न नवव्या वर्षी टपालखात्यातील एका कर्मचाऱ्याशी झाले. गोपाळराव जोशी हा गृहस्थ विलक्षण हेकट, विलक्षण हट्टी आणि बायकोला शिकवण्याच्या बाबतीत विलक्षण पुरोगामी होता, आणि हे तीनही गुण एकाच माणसात एकाच वेळी कसे नांदतात हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी त्या दोघांचा पत्रव्यवहार पाहावा. शिकवणी त्याची, इंग्रजीचा धाक त्याचा, अमेरिकेची कल्पना त्याची. परंतु प्रत्यक्ष जाण्याची वेळ आली तेव्हा तो मागे राहिला आणि अठरा वर्षांची आनंदी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजात चढली. सोबत काही मिशनरी स्त्रिया होत्या. नात्याचे वा ज्ञातीचे कोणीही नव्हते. ४ जून रोजी ती न्यूयॉर्कला उतरली. जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारीला बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात तिने जाहीर भाषण करून आपण का जात आहोत याचा लोकांना जबाब दिला होता; परंतु भाषणात जबाब देणे आणि परक्या मुलखात रोजच्या रोज निर्णय घेणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

आता टपालाचा हिशेब पाहा. अमेरिकेतून निघालेले पत्र अटलांटिक ओलांडून इंग्लंडात, तेथून सुएझमार्गे हिंदुस्थानात, असे पाच-सहा आठवड्यांनी पोहोचायचे आणि उत्तराला परतायला तितकेच दिवस लागायचे. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नावर नवऱ्याची अनुज्ञा किंवा नाराजी दोन-अडीच महिन्यांनी हाती येणार. जो माणूस टपालाच्या पेढीवर बसून इतरांची पत्रे वेळेवर पोहोचवण्याचा पगार घेत होता, त्याचेच हुकूम त्याच टपालाच्या मुदतीत अडकून पडू लागले, आणि ते पोहोचेपर्यंत प्रसंग उलटून गेलेला असे. न्यू जर्सीत रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी, ज्यांना ती मावशी म्हणू लागली होती, तिने पहिला उन्हाळा काढला. पण फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी जे पत्र गेले ते तिचे होते. आपली तयारी महाविद्यालयाच्या नियमांत कदाचित बसणार नाही, हे त्यात तिने लपवले नाही. मित्रांचा आणि ज्ञातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो आहोत हे सांगितले. आणि आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साह्य देण्याचा हेतू पुढे ठेवून दरखास्त केली. दरखास्त मंजूर झाली, शिष्यवृत्तीही मिळाली. असे पत्र अठराव्या वर्षी, कोणाकडून मजकूर तपासून घेण्यास अवधी नसताना, लिहिणे म्हणजे काय हे ज्यांनी आपल्या मुलांचे अर्ज स्वतः भरले आहेत अशा आपणांपैकी पुष्कळांना मी वेगळे सांगायला नको.

वस्त्रांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडतात, आणि त्या थंडीत ते सोसेना; तेव्हा तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली आणि घरी तसे कळवले. आजच्या श्रोत्यांना हे क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या काळी लुगड्याच्या काठावरून माणसाची जात आणि अब्रू ठरत असे, आणि ज्या घरात बायकोने कोणते पुस्तक किती वेळ वाचावे हेही नवरा ठरवीत असे, त्या काळी त्या घरातील मुलीने हा फेरफार केला, याचे मोल परीक्षेतील गुणांहून मी कमी मानीत नाही. गोपाळरावांची पत्रे पुढे कधी कठोर, कधी संशयाने भरलेली अशी येत राहिली. तिची उत्तरे मात्र उत्तरोत्तर शांत होत गेली, आणि आपल्या पूर्वायुष्यातील त्याच्या वागणुकीचे न्यायाधीशाच्या तोलाने परीक्षण करण्याइतकी ती पत्रांतूनच मोठी झाली.

या शिक्षणाची किंमतही तिने दिली. फिलाडेल्फियातील तिच्या पहिल्या खोलीत विस्तव पेटवला तर धुराने जीव घुसमटे आणि न पेटवला तर गारठ्याने हाडे आखडत; दोहोंपैकी काय निवडावे हे सांगायलाही जवळ कोणी नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेली. परदेशगमनाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही तारीख गाळू नये.

एकटेपणाचा हा मुद्दा वयाशी आणि सोबतीशी किती निगडित आहे, हे पाहायला अमरावतीबाहेर जायला नको. लोकमान्य टिळकांच्या अपिलाच्या खटपटीसाठी दादासाहेब खापर्डे १९०८ मध्ये विलायतेस गेले आणि १९१० मध्ये परतले. परंतु चौपन्नाव्या वर्षी लंडनला गेलेला नामांकित वकील लंडनमध्येही नामांकित वकीलच राहतो, त्याच्या स्वभावाची घडी काही बदलत नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन हुतूतूचे प्रात्यक्षिक दाखवले, याचा अमरावतीकरांना रास्त अभिमान आहे. पण पथकात माणूस शिस्त शिकतो आणि निर्णय पथकप्रमुखाकडे राहतो. याच्या उलट १९१५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, चिंतामणराव देशमुख एकोणिसाव्या वर्षी केंब्रिजला गेले, आणि पुढे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी अधिकारी म्हणून रुजू झाले. घडणीच्या वयात मिळालेली ती मुखत्यारी त्यांच्या पुढील कारकिर्दीत दिसते असे मला वाटते. पण त्यांची गोष्ट मी लांबवीत नाही, कारण आपल्याला अधिक जवळचा माणूस वाट पाहतो आहे.

पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेस गेले तेव्हा एकविशी ओलांडून गेलेले होते, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर ते आजच्या विषयात बसत नाहीत. तरीही मी त्यांना बसवतो. कारण पापळ, चांदूर, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील कारंजा, अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि मग पुण्याचे फर्ग्युसन, अशा टप्प्याटप्प्याने घरापासून लांब जाण्याचे शिक्षण त्यांना लहानपणापासून मिळालेले होते. चरित्रकार सांगतात, की वडिलांनी, शामरावांनी, जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. गहाणखताच्या पैशावर परदेशी गेलेल्या मुलाच्या डोक्यावर प्रत्येक शिलिंग बसलेला असतो; घरी मागावे तर तेथे सावकाराचे व्याज चढते आहे, आणि मागितले तरी टपाल जाऊन येईपर्यंत महिन्यावर दिवस लोटणार. अशा स्थितीत शिष्यवृत्ती मिळवणे हा मानाचा नव्हे, पोटाचा प्रश्न होतो, आणि ती त्यांनी एडिंबरोला मिळवली. बॅरिस्टर होणे हे घरच्यांना समजण्यासारखे होते. परंतु कुणबी शेतकऱ्याच्या मुलाने विलायतेत बसून वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहावा, हे पापळच्या पारावर कोणी ठरवून दिलेले नव्हते.

आता आपण आजच्या काळाकडे येऊ, कारण 'ते टपालाचे दिवस गेले, आता काय?' असा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. २ मार्च २०२२ रोजी युद्ध पेटलेल्या युक्रेनमधील आपल्या दूतावासाने खार्किव्हमधील भारतीयांना सूचना दिली, की शहर ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, आणि तेथील घड्याळाने संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. ही गावे अकरा, बारा आणि सोळा किलोमीटरवर. खार्किव्हमधील भारतीयांत बहुसंख्य होती ती वैद्यकीय अभ्यासक्रमाची मुले. हिंदुस्थानातील आईबाप त्या घटकेला दूरदर्शनच्या पडद्यासमोर होते, कित्येकांचा मुलांशी दूरध्वनीही लागत होता. परंतु स्टेशनवर थांबावे की चालू लागावे, पाणी घ्यावे की गरम कपडे, मागे पडलेल्या मैत्रिणीसाठी वाट पाहावी की नाही, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेतून त्या दिवसांत हजारो भारतीय मायदेशी परतले, आणि सरहद्दीपर्यंतचे निर्णय मुलांनी स्वतः घेतलेले होते.

ही घटना मी मुद्दाम सांगितली, कारण तिच्यामुळे माझ्या मूळ म्हणण्यात दुरुस्ती करावी लागते. उत्तर उशिरा येण्यानेच मुखत्यारी येते असे नाही. आईचा आवाज कानाशी आहे आणि तरीही तिच्यापाशी उत्तर नाही, हाही एक प्रकारचा समुद्रच आहे. फरक एवढाच, की आनंदीबाईला हा अनुभव पहिल्या आठवड्यापासून थोडा थोडा मिळाला, आणि आपल्या मुलांना तो एका दिवसात, तोफांच्या आवाजात, एकदम घ्यावा लागला. युद्धाची वाट न पाहता हे शिक्षण देता येणार नाही काय? देता येईल, पण त्यासाठी आईबापांना गप्प बसण्याची विद्या शिकावी लागेल, आणि ती विमानाच्या तिकिटाहून महाग आहे. सोळाव्या वर्षी मुलीला अकोल्याहून अमरावतीस एकटीने जाऊन बँकेचे किंवा दाखल्याचे काम करून येऊ द्यावे. कचेरीतील बाबूने परत पाठवले तर दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा पाठवावे, ओळखीच्या साहेबाला फोन करू नये. अठराच्या आतील मुलाच्या पासपोर्टाला आईबापांची संमती कायद्याने लागते, ती अवश्य द्यावी. पण अर्ज त्याने भरावा, चुका त्याने खोडाव्यात, तारीख त्याने घ्यावी. हे सांगणारा मी एकटा नाही. पण सांगितल्यावर 'सर, तेवढं एक ओळखीचं पत्र द्या ना' म्हणून याच सभागृहाच्या पायऱ्यांवर मला गाठणारे पालकही थोडे नाहीत.

शेवटी एका गोष्टीविषयी सावध करतो. मुलाने तिकडे मुखत्यार व्हावे आणि इकडे उतरताच पुन्हा आज्ञाधारक व्हावे, अशी आपली गुप्त अपेक्षा असते. पंजाबराव १९२६ मध्ये परतले. दुसऱ्याच वर्षी अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली, नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि पंजाबराव त्या चळवळीच्या पुढाऱ्यांत होते. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, विमलाबाईंशी, विवाह केला. शामरावांच्या गहाणखतात ही कलमे नव्हती. आजही तिकडून परतलेली मुलगी स्थळ पाहण्याचा कार्यक्रम मोडीत काढते, आणि बाप माझ्याकडे येऊन म्हणतो, "पोट्टी आयकत नाही आता, सर, तुम्ही सांगून पाहा." अशा वेळी मी समजूत घालण्याच्या भानगडीत पडत नाही. तिने काय ठरवले आहे ते आधी तिला विचारून या, एवढेच सांगतो. कारण बहुतेकदा ते अद्याप कोणी विचारलेलेच नसते.